खडी तेवढी सोडून बर्फ काढ बे

काय बे सुन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. बर्लिंग्टनच्या बाहेर घर घेतलंस, गेटपासनं घरापर्यंत लांबलचक ड्राइव्हवे तोही खडीचा, आणि पहिल्याच बर्फात पिकअपला प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटायचं पातं, लावून निम्मी खडी गवतात लोटलीस, वर वहिनी हसतायत म्हणे. हसू दे. अमेरिकेतल्या त्या तुझ्या व्हरमाँटात निम्म्याच्या वर रस्ते कच्चेच आहेत, हे दुखणं तिथं घरोघरी असतंय. मी तिकडं होतो तेव्हा घरमालकाच्या रस्त्यावरचा बर्फ मीच काढायचो की. इथं हुरड्याचा सीझन आलाय, दुपारी पंखा लावून तुला बर्फाचं लिहितोय, गंमतच आहे.

आधी खालपर्यंत काढायचा हट्ट सोड. आपल्याला सवय कशी, अंगण झाडलं की जमीन लख्ख दिसायला पाहिजे. तिथं नाही चालत. डिसेंबरच्या सुरवातीला जमीन नीट गोठलेली नसती, वरची खडी मोकळी, मग पात्याला काय कळतंय बर्फ कुठला न खडी कुठली. म्हणून आता इंच-दोन इंच पडला तर प्लाऊ काढूच नको, त्याच्यावरनंच गाडी ने-आण कर, दाबून दाबून घट्ट बसतो आणि गोठला की कडक थर होतो, बार्शी रोडच्या शेताला मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवला होता ना, तसाच. पुढं सगळा हिवाळा त्या थरावरनं प्लाऊ चालवायचा.

प्लाऊला मागनं दोन बूट असतात बघ, स्किड शू, त्यांचे वॉशर खालीवर करून पातं इंचभर उचलून ठेव. पण जमीन मऊ असली की बूटच रुततात, त्यामुळं मला पाइपाचा जुगाड जास्त पटतो. एक पाइप लांबीत चिरायचा आणि पात्याच्या धारेवर चढवायचा, कड गोल झाली की खडीत घुसत नाही, वरनं घसरत जाती. आणि गाडी हळू चालव लका, हायवे नाय तो.

ढीग उताराच्या बाजूला लाव, नायतर मार्च-एप्रिलला वितळलेलं पाणी रस्त्यावरनंच वाहणार आणि तिथला मड सीझन, चिखलाचे दिवस, तुला माहितीच आहेत, गाडी पार बसती. ढीग आत्ताच लांब ढकलून ठेव, एकदा दगडासारखा गोठला की हलत नाही आणि रस्ता अरुंद होत जातो.

शेजाऱ्याचा स्नोब्लोअर, बर्फ उडवायचं मशीन, मागणार म्हणतोस, तर सिंगल स्टेजवाला असला तर राहू दे. त्याचं रबरी पातं जमिनीला घासतच फिरतंय, खडी गोफणीतनं सुटल्यासारखी उडती, खिडकी गेलीच म्हणून समज. टू स्टेजवाला चालेल, त्याचं पातं जमिनीला टेकत नाही, बूट खाली करून तोंड वर उचल. त्यात दगड अडकला की शिअर पिन तुटती, ती तुटायसाठीच असती, गिअरबॉक्स वाचवायला. तिथं साधा जाड बोल्ट ठोकू नको, दोन-चार पिना घरात ठेव.

मीठ टाकू नको, तो कडक थरच वितळवतंय. घसरत असेल तर वाळू मार.

गवतातली खडी आता राहू दे, बर्फ गेला की गवत वाढायच्या आत दाताळ्यानं ओढून घे. आणि या रविवारीच दोन्ही कडेला काठ्या रोव, रस्ता कुठं संपतो ते बर्फात दिसत नाही आणि जमीन गोठली की पहारपण आत जात नाही.

भाऊ जानेवारीत बॉस्टनला येतोय, त्याच्याकडं शेंगाचटणी देतोय. पत्ता पाठव.

तुझाच,
बंड्या
सोलापूर