झडती आखरावरच फुटते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोळ्यानंतर आपल्या अंकात एका वाचकाचे पत्र आले होते. नव्या पिढीत प्रतिभा उरली नाही म्हणून झडत्या, म्हणजे पोळ्याला बैलांजवळ उभे राहून म्हणायच्या यमकाच्या ओळी, संपत चालल्या, असे त्यांचे म्हणणे. मी आर्वी तालुक्यातला शेतकरी, वय एकसष्ट. झडत्या ऐकतच वाढलो. मला हे अजिबात पटले नाही.

माझा बाप सालदार होता. पाडवा ते पाडवा, एकाच वाड्यावर. मालकासमोर त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. विचारले तर मान हलवायचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांद शेकताना 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' एवढे मात्र मोकळ्या गळ्याने म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावची गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली, पांढऱ्या गवळाऊ जोडीचा कासरा मुठीत धरून हाच माणूस सगळ्या गावासमोर म्हणाला होता:

आरी रे आरी, तुतारीची आरी,
बैल बसे सावलीत, गडी उभा दुपारी,
पाडवा आला तरी फिटे ना उधारी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

मालक दहा हातांवर उभा. मी आठ-नऊ वर्षांचा, बापाचे धोतर धरून. वाटले, गेली आपली भाकर. पण मागून साऱ्या आखराने 'हर हर महादेव' असा गजर केला, की मालकालाही तोंड उघडावे लागले. संध्याकाळी वाड्यावर बैल ओवाळले, बोजारा, म्हणजे गड्याची पोळ्याची ओवाळणी, नेहमीएवढाच मिळाला. दुसऱ्या दिवशी बाप पुन्हा मुका.

बापाची प्रतिभा वर्षातून एकच दिवस जागी होत होती काय? हातात कासरा, बाजूला बैलांची रांग, पाठीशी गजर करणारे गडी, आणि पोळ्याला बोललेले मनावर घ्यायचे नाही ही गावाची रीत. एवढे जुळून आले म्हणून तो बोलला.

देवाचेही तसेच. एका जुन्या झडतीत महादेव दोन पैशांसाठी रडतो आणि पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी असतात. ती थट्टा नव्हे. माझी आई पुरण वाढताना पदर अशा बेताने धरायची की लुगड्याचा दांड, फाटके जोडल्याची शिवण, कोणाला दिसू नये. तिला पार्वती भरजरी शालूत कशी दिसणार?

आमच्या गावातल्या एका आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाऊन बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या घरातून महादेव गेला, मरीमाय गेली. पोळा राहिला, कारण बैल होते, वखर होता. त्यांची जोडी रांगेत शेवटी उभी करत, हे मला आजही टोचते. त्यांचा मुलगा पहिल्यांदा झडतीच्या शेवटी 'जय भीम' म्हणाला, तेव्हा आखर गप्प राहिले. साथ माझ्या बापाने दिली, एकट्याने.

विषयांची टंचाई झडतीला कधीच नव्हती. आधी सावकार होता. १९७२ ला सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली, मग कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आणि विक्रीच्या पैशाचे चुकारे झडतीत आले. पुढे बियाण्याच्या थैल्या आल्या, २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली. मग आता काय झाले? गेल्या पोळ्याला आमच्या आखरावर अकरा जोड्या होत्या. बाकी शेती ट्रॅक्टरवर. झडती गेली मंडपात. तिथे माईक, खुर्च्यांवर पाहुणे, गुण देणारे परीक्षक. बैल बाहेर, भोंग्याने बुजलेले.

माझ्या पुतण्याने त्या मंचावर 'झाडे लावा' अशी झडती कागदावरून वाचली आणि बक्षीस घेतले. त्याच रात्री पानठेल्यावर, हातात खर्रा घोटत, सोयाबीनच्या भावावर त्याने अशा चार ओळी सोडल्या की ठेलेवाल्याने चुना लावता लावता हात थांबवला. पोरगा तोच. त्या ओळी मंचावर का नाही म्हटल्या, विचारले, तर म्हणाला, "काका, समोर कोन बसलं होतं पाह्यलं ना तुमी?"

म्हणून पोळ्याच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना हात जोडून सांगणे आहे. मंच नको, खुर्च्या नको. पाहुण्यांनी आखरावर उभे राहावे आणि कासरा ज्याच्या हाती आहे त्यालाच आधी बोलू द्यावे. बक्षिसाचे पैसे बोजारा म्हणून सगळ्या जोड्यांना वाटावेत. आणि आपण झडत्या छापता तेव्हा नुसत्या ओळी छापू नका. कोणत्या गावच्या आखरावर, कोणाच्या बैलांजवळ उभे राहून, कोणासमोर म्हटली, तेही छापा. माझ्या बापाची वर दिली आहे.

आपला,
एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा