छोट्या मैफलींना छोटी जागा हवी

महोदय,

मी व्यवसायाने संवादिनीवादक (हार्मोनियमवादक) असून, नुकताच एका तरुण गायिकेच्या साथीला कराड, सांगली, मिरज, कोल्हापूर असा छोटा दौरा करून आलो. एके ठिकाणी जुन्या वाड्याच्या माजघरात ध्वनिक्षेपकाशिवाय बैठक झाली आणि खर्जातला स्वरही शेवटच्या सतरंजीपर्यंत स्वच्छ पोहोचला. याउलट दुसऱ्या गावी नाइलाजाने मोठे नाट्यगृह घ्यावे लागले, तेथे वारंवार विनवूनही ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याने ‘एको’ कमी केला नाही, त्यामुळे तानेतले स्वर एकमेकांवर चढत राहिले. भाडे, पेट्रोल आणि टोल वजा जाता मानधन जवळजवळ उरलेच नाही.

लहान गावांत श्रोते नसतात, हे मला मुळीच मान्य नाही. मिरजेत शिकलेले गायक विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी गावोगाव फिरून, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली. अडचण आहे ती साठ-सत्तर माणसांच्या जागेची, आणि वाद्यांचीही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा भोपळा प्रवासातल्या धक्क्यांनी तडकेल या भीतीने आम्ही मिरजेतही इलेक्ट्रॉनिक तंबोराच लावतो (आणि तो चार्जिंगअभावी मध्येच मान टाकतो!).

नगरपालिकांनी वाचनालयांची व शाळांची दालने संध्याकाळी नाममात्र भाड्याने द्यावीत आणि स्थानिक संगीत मंडळांनी तंबोऱ्यांची एक जोडी पाहुण्या कलावंतांसाठी जुळवून ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

– एक संवादिनीवादक, पुणे