चौकीतला विनोद आणि कॅमेरा

धुळे

प्रिय दिनकर,

तुझ्या पोलीस चौकीवरच्या विनोदी मालिकेचे पहिले दोन भाग वाचले. संवाद झकास जमलेत, अहिराणीही ओढूनताणून आणलेली वाटत नाही. आता कॅमेऱ्याचं सविस्तर लिही म्हणालास, म्हणून लिहितोय.

माझं म्हणणं एकच आहे, भो. पुढे काय गंमत घडणार हे कॅमेऱ्याला आधी माहीत असता कामा नये. हवालदार दारातून आत येणार हे कॅमेरामनला ठाऊक असतं, तो आधीच दाराकडे वळतो आणि हशा तिथंच मरतो. आधी कडीचा आवाज येऊ दे, मग साधारण अर्धा सेकंद जाऊ दे, मग पॅन, म्हणजे कॅमेरा जागच्या जागी आडवा वळवायचा. तो पॅन झटक्याचा असेल तर पाय शेवटच्या फ्रेमच्या दिशेनं रोवायचे आणि कंबरेतून मागे वळून सुरुवातीची फ्रेम धरायची. म्हणजे वळताना अंगाचा पीळ सुटत जातो आणि शेवटची फ्रेम स्थिर बसते. पाय सुरुवातीकडे ठेवले तर शेवटी शरीर पिळलेलं राहतं आणि नेमका हवालदाराचा चेहरा थरथरतो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या फ्रेमच्या अंतरांच्या खुणा लेन्सच्या फोकस रिंगवर चिकटपट्टीनं करून ठेव.

झटक्याच्या झूमला एक अडचण आहे. फोटोग्राफीच्या बहुतेक झूम लेन्समध्ये झूम करताना फोकस सरकतो. म्हणून आधी झूम पूर्ण आत नेऊन चेहऱ्यावर फोकस लाव, मग झूम मागे आणून शॉट सुरू कर. वाइडला, म्हणजे सगळी खोली दिसत असताना, थोडा फरक पडला तरी तो झाकला जातो, आत गेल्यावर मात्र डोळे शार्प हवेतच. असा झूम एका भागात दोनदा पुरे.

सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो वाइड शॉटमध्ये. पुढे टेबलाशी साहेब गंभीरपणे तक्रार लिहून घेतायत आणि मागे कोठडीच्या गजांतून आरोपी हवालदाराचा डबा खातोय, हे एकाच फ्रेममध्ये दिसलं पाहिजे. कट करून डबा दाखवलास की प्रेक्षकाला तो शोधायचा आनंद मिळत नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिमी लेन्स, एफ/८ (आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) आणि फोकस सव्वातीन मीटरच्या किंचित पुढे ठेवलास, तर साधारण १.७ मीटरपासून मागची भिंतसुद्धा शार्प राहते. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. एफ/२.८ वरून एफ/८ ला जायचं तर आठपट प्रकाश लागतो. जुन्या धाब्याच्या घरात चौकी उभी करणार आहेस. तिथं भिंती जाड नि खिडक्या लहान, तेव्हा दाराबाहेर मोठा थर्माकोल लावून ऊन आत फेक. उरलेलं दिव्यांनी भर.

शटर १/५० सेकंद आणि सेकंदाला २५ फ्रेम, हे बदलू नकोस. आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/६० झालं की पडद्यावर पट्टे सरकू लागतात. जीपवरच्या एलईडी दिव्याचा लखलखाट याहून वाईट, कारण अर्धी फ्रेम उजळ नि अर्धी काळी येते. खरा दिवा फक्त लांबच्या शॉटमध्ये ठेव. चेहऱ्यावर लाल-निळा हवा असेल तर रंगीत जिलेटिन लावलेला साधा दिवा हातानं हळू झाक-उघड कर.

खाकीची काळजी घे. पिवळसर भिंत, खाकी आणि उन्हानं रापलेला चेहरा हे तिन्ही एकाच पट्टीत जाऊन बसतात आणि माणूस भिंतीत विरघळतो. भिंत फिकट निळी रंगव, खांद्यावर मागून हलका दिवा टाक. सगळ्या ट्यूब एकाच कंपनीच्या बसव, नाहीतर एका खुर्चीवर खाकी हिरवट दिसेल. पंखा वाइडमध्ये फिरत असेल आणि आवाजासाठी क्लोजअपला बंद केलास, तर टेबलावरचे कागद चुगली करतील. त्यावर आधीच वजन ठेव.

दोन कॅमेरे असतील तर दोन्ही टेबलाच्या एकाच बाजूला. बी म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स लावून फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा धर, कारण खरी प्रतिक्रिया दुसऱ्या टेकला तशी येत नाही. संवाद संपल्यावर चार सेकंद ‘कट’ म्हणू नकोस. वाइड आणि क्लोजअप एकाच वेळी चालू असताना बूम, म्हणजे काठीवरचा माइक, जवळ नेता येत नाही, तेव्हा कॉलर माइक लागतीलच. ते कडक कापडाला घासतात, खाली मऊ टेप लाव.

अंगणातले शॉट मे महिन्यात सकाळी साडेनवाच्या आत उरक. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० आणि १/५० वर एफ/४ हवं असेल तर आठ स्टॉपची एनडी, म्हणजे प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा करणारी काळपट काच, लागते. कॅमेरा छत्रीखाली ठेव, स्क्रीन बॉडीपासून उघडी ठेव, दोन टेकच्या मध्ये कॅमेरा बंद कर. नाहीतर तापून मध्येच थांबेल.

केळीच्या बागेतला पाठलाग मात्र २०० मिमीनं, अगदी समोरून घे. लांब लेन्समध्ये अंतर दबतं, त्यामुळे साहेब जीव तोडून पळतात आणि जागच्या जागीच दिसतात. त्यांना फ्रेममध्ये नीट मध्यभागी ठेव, कॅमेरा ट्रायपॉडवर असू दे. चोर कडेच्या ओळीतून आरामात चालत निघून गेला तरी त्याच्याकडे वळू नकोस.

रंगीत तालमीचे शॉट घेतलेस की पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुरेश