ताबा वेळेवर, अनामत मात्र सवडीने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झाला तेव्हा आम्ही दोघे पती-पत्नी कर्वेनगरमध्ये भाड्याच्या घरात राहायला गेलो. तेहतीस महिने तिथे काढून गेल्या ३१ मे रोजी सकाळी आम्ही घर रिकामे केले, किल्ल्यांचे दोन्ही जुडगे आणि पार्किंगचे स्टिकर एजंटच्या हातात ठेवले आणि तशी पोच लिहून घेतली. करारानुसार त्याच दिवशी आमची ९० हजार रुपयांची अनामत परत मिळायला हवी होती. साडेपाच महिने होत आले, तरी त्यातले ५० हजार रुपये अजून यायचे आहेत. ते बुडतील असे मला वाटत नाही. पण त्यांच्यामागे फिरताना भाडेकराराच्या रचनेतली एक विसंगती माझ्या लक्षात आली, ती आपल्या वाचकांपुढे आणि नोंदणी व मुद्रांक विभागापुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घरमालक गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये असतात. त्यांचे कुलमुखत्यारपत्र एजंटकडे आहे, त्यामुळे भाडेकरू शोधण्यापासून नळाचा वॉशर बदलण्यापर्यंत सगळा कारभार तोच पाहतो. करार नोंदवायला त्याचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला, जेवणाच्या टेबलावर आमचे फोटो आणि अंगठे घेतले आणि पाऊण तासात गेला. माझी चूक त्याच टेबलावर झाली, ती आधी कबूल करतो. अनामतीचा धनादेश मी मालकांच्या नावाने लिहायला हवा होता. “सर, आमच्या मॅनेजमेंट अकाउंटला टाका, मालकांना परदेशातून परतफेड करायला त्रास होतो,” असे त्याने सांगितले आणि मी ते ऐकले. परिणामी आज मालक ईमेलवर लिहितात की पैसे एजंटकडे आहेत आणि एजंट फोनवर सांगतो की मालकांची मंजुरी यायची आहे.

घर सोडण्याच्या आदल्या दिवशी एजंटचा सहायक पाहणीला आला होता. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून भिंतींवरची खिळ्यांची भोके मोजली. ती चौदा निघाली, आणि त्यातली पाच आम्ही येण्यापूर्वीची होती. आम्ही राहायला आलो त्या दिवशी माझ्या पत्नीने प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवले होते म्हणून ते सिद्ध तरी करता आले. पंधरा दिवसांनी जो हिशेब आला त्यात रंगकामाचे २८ हजार, ‘डीप क्लीनिंग’चे साडेसहा हजार आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या सर्व्हिसिंगचे तीन हजार लावलेले होते. यांपैकी एकाही कामाची पावती जोडलेली नव्हती. आम्ही ज्या रंगाच्या भिंतींमध्ये राहायला गेलो तो रंग तेव्हाच जुना होता. तीन वर्षांत घराचा रंग उतरतो, ही वापरातली झीज आहे, आणि मालक भाडे घेतो ते याच वापराचे. फोटो पाठवल्यावर रंगकामाचा आकडा फारशी हुज्जत न घालता १५ हजारांवर आला, यावरून तो मुळात कसा काढला असेल याची कल्पना यावी.

मात्र रंग आणि चिमणी हे दिरंगाईचे खरे कारण नव्हते. ते कारण एजंटने एकदा अनवधानाने सांगून टाकले: “नवीन पार्टी आली की लगेच सोडतो, सर.” म्हणजे आमचे ९० हजार कुठे ठेवलेलेच नव्हते. नव्या भाडेकरूच्या अनामतीतून जुन्याची अनामत फेडायची, त्या नव्याची पुढच्याच्या पैशातून, अशी याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याची ही रीत आहे आणि पुण्यात ती इतकी रुळलेली आहे की अनेकांना त्यात वावगेही वाटत नाही. घर लवकर भाड्याने गेले तर सारे सुरळीत दिसते आणि ते रिकामे राहिले तर त्या रिकामेपणाचा भार आधीच्या भाडेकरूच्या खिशावर पडतो. आमच्या बाबतीत तर तेवढेही घडले नाही. ऑगस्टमध्ये संध्याकाळी फिरायला गेलो असता त्या घराच्या बाल्कनीत नवे पडदे आणि वाळत घातलेले कपडे दिसले. त्याच रात्री मी एजंटला विचारले, तर उत्तर आले की नव्या पार्टीचे पैसे मालकांच्या दुसऱ्या एका फ्लॅटच्या हिशेबात गेले.

आता विसंगतीकडे वळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे आमच्यासारख्या ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो आणि जितके दिवस घर अडवले तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आमचे भाडे महिना ३० हजार होते. आम्ही १ जूनला घरातच राहिलो असतो, तर दिवसाला दोन हजार रुपये देणे लागलो असतो आणि त्यासाठी मालकाला एक खास, वेगळी वाट उपलब्ध होती. ही तरतूद चांगलीच आहे, तिच्यामुळेच तर लोक आपली घरे भाड्याने द्यायला धजावतात. पण त्याच करारातले दुसरे देणे, म्हणजे ताबा मिळताच अनामत परत करणे, यासाठी अधिनियमात अशी वाट नाही. मला नोटीस द्यायची, मग रीतसर पैसे वसुलीचा दावा लावायचा आणि तारखा मोजायच्या. ज्या वकिलांचा मी सल्ला घेतला त्यांनी फी सांगण्यापूर्वीच विचारले, “काका, एवढ्या रकमेसाठी खरंच कोर्टात जायचंय का?” एजंटलाही हे गणित ठाऊक असते.

यातला आणखी एक बारकावा सहसा कोणी पाहत नाही. आमच्या करारात अनामत ‘बिनव्याजी’ असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. परंतु मुद्रांक शुल्क मोजताना शासन तिला बिनव्याजी मानत नाही. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज मालकाला मिळते असे गृहीत धरून ती रक्कम भाड्यात मिळवली जाते आणि एकूण बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क आकारले जाते. आमच्या ९० हजारांवर एका कराराच्या अकरा महिन्यांचे असे कल्पित व्याज ८,२५० रुपये झाले आणि त्यावरचे शुल्क सुमारे २१ रुपये. ते आम्हीच भरले, कारण करारनाम्याचा खर्च भाडेकरूने करायचा असे एजंटने आधीच ठरवून टाकले होते. रक्कम क्षुल्लक आहे, तत्त्व मात्र तसे नाही. भाडेकरूच्या पैशातून मालकाला दहा टक्क्यांचा लाभ होतो हे शासनाला मान्य आहे, त्यावर कर घेण्याइतके मान्य आहे. मग ताबा दिल्यानंतरही तो पैसा अडकवून ठेवला तर त्या काळाचे तेच दहा टक्के भाडेकरूला का मिळू नयेत?

मला जे ४० हजार मिळाले ते व्याजाचा विषय काढल्यावरच मिळाले, हे इथे मुद्दाम नोंदवतो. जून आणि जुलैमध्ये मी एकूण सव्वीस फोन केले, त्यांच्या तारखा वहीत आहेत, आणि हाती काही आले नाही. ऑगस्टच्या अखेरीस मालक आणि एजंट या दोघांच्या नावे स्पीड पोस्टाने आणि ईमेलने लेखी नोटीस पाठवली. तीत पोच, फोटो आणि कराराची प्रत जोडून, अमुक तारखेपासून थकीत रकमेवर व्याज मागितले जाईल, असे स्पष्ट लिहिले. व्याज अधिनियम, १९७८ नुसार अशी लेखी मागणी केलेली असेल, तर न्यायालयाला त्या तारखेपासून व्याज देता येते. नवव्या दिवशी ४० हजार जमा झाले. उरलेल्यांसाठी आधी ‘दिवाळीनंतर’ असा निरोप होता. दिवाळीही होऊन गेली.

घरमालकांची बाजू मला कळत नाही असे नाही. महावितरणचे शेवटचे बिल घर सोडल्यावर येते, सोसायटीचा देखभाल खर्च थकलेला असू शकतो, एखादा भाडेकरू खरोखरच बेसिन फोडून जातो. त्यासाठी चार-पाच हजार राखून ठेवले आणि महिनाभरात पावत्यांसह हिशेब दिला, तर कोणीही तक्रार करणार नाही. पण अनामत वेळेवर मिळत नाही हा अनुभव पसरल्यामुळे हिंजवडी-वाकडकडची नोकरदार मुले आता शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे भाडेच देत नाहीत, अनामतीतून वळते करून घ्या म्हणतात. हे कराराच्या विरुद्ध आहे आणि त्यात सचोटीने वागणारा मालक भरडला जातो. माझ्या पुतण्याने मला हाच सल्ला दिला होता. आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यामुळे तो मला मानवला नाही. आज पुतण्या मला वेड्यात काढतो आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

आमचे घरमालक ज्या इंग्लंडमध्ये राहतात, तिथे २००७ पासून भाडेकरूची अनामत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवणे मालकाला बंधनकारक आहे, आणि तसे न केल्यास न्यायालय त्याला अनामतीच्या तिपटीपर्यंत रक्कम भरायला लावू शकते. स्वतःच्या कर्वेनगरच्या फ्लॅटपुरता हा नियम ते विसरले असावेत. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात निवासी घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आणि घराचा ताबा घेताना ती देय वजावट करून परत करायची, असे आहे. पण हा विषय राज्याच्या अखत्यारीतला असल्याने राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्या मसुद्याचा कोणाला उपयोग नाही. एजंटांचे म्हणावे, तर ‘रेरा’ या स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यातील एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. केवळ भाड्याचे काम करणारा एजंट तिच्या बाहेरच राहतो.

नव्या कायद्याची वाट पाहण्याइतका वेळ माझ्या वयाच्या माणसाकडे नाही, म्हणून मी तुलनेने छोटी मागणी करतो. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संगणक प्रणालीतून होते. घर न सोडल्यास दुप्पट भरपाईचे कलम आमच्या छापील मसुद्यात अगदी तयार होते. विभागाने त्याच्याच शेजारी, कोणाला काढून टाकता येणार नाही असे आणखी एक कलम घालावे: अनामत मालकाच्याच खात्यात जमा होईल, ताबा घेताना ती परत केली जाईल, वजावट पावत्या दाखवूनच होईल आणि विलंब झाल्यास मुद्रांक शुल्कासाठी शासन जे दहा टक्के व्याज धरते तेच परत मिळेपर्यंत भाडेकरूला द्यावे लागेल. कराराच्या अर्जात अनामतीची रक्कम, धनादेश क्रमांक आणि बँक यांचे रकाने आहेतच. परतीच्या तारखेचा एक रकाना त्यात वाढवायला विभागाला अडचण येऊ नये.

कळावे,
आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे