पुड्या माझ्याकडे आहेत

नेरूळ,
सोमवार, रात्री साडेदहा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, टीव्हीखालच्या खणात व्हिटॅमिन डी थ्रीच्या पुड्या शोधू नका. तो डबा काल निघताना मी पर्समध्ये घालून आणला. आईला विचारू नका, तिला यातलं काही माहीत नाही. तुम्ही अंघोळीला गेला होता आणि ती खाली भाजीवाल्याशी बोलत होती. तुम्हाला न विचारता तुमच्या वस्तूला हात लावला, हे ठाण्याहून नेरूळला पोचेपर्यंत मनाला टोचत होतं. पण फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणाला असता आणि संध्याकाळी खालच्या मेडिकलमधून नवीन आणल्या असत्या. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, आणि वाचून झाल्यावर फायलीत लावता. म्हणून लिहायला बसले.

काल घेतलेल्या तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आज दुपारी आमच्याच लॅबमध्ये निघाला. गेल्या वर्षी मे महिन्यात तुमचं डी 11 होतं. आज 118 आहे, म्हणजे हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे कॅल्शियमही वरच्या रेषेच्या थोडं पुढे गेलंय. आई दोन महिने सांगते आहे की यांना सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही, रात्री चारदा उठतात. आणि आपण सगळे उन्हाळ्यावर आणि वयावर ढकलत होतो. रक्तात कॅल्शियम वाढलं की हेच होतं. संध्याकाळी आपल्या डॉक्टरांशी बोलले. मूत्रपिंडं व्यवस्थित आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. पुड्या बंद, कॅल्शियमची गोळीही तूर्त बंद, पाणी भरपूर, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त. एवढंच.

डॉक्टरांनी आठवड्याला एक अशा आठच पुड्या लिहून दिल्या होत्या. एका पुडीत 60,000 युनिट असतात. तुम्ही वर्षभरात पन्नासच्या आसपास घेतल्यात. मी तुम्हाला रागावत नाहीये. या पुड्यांचं वेड तुमच्या डोक्यात घातलं कोणी, ते मला पक्कं माहीत आहे.

मागच्या मे महिन्यात डॉक्टरांनी फ्लूची लस घ्या म्हटलं, तेव्हा तुम्ही तयार होता. शर्ट घालून तयार होता, बाबा. मीच तुमचा रिपोर्ट बघून म्हटलं, ‘डी फारच कमी आहे, अशात लस नीट लागू पडायची नाही. आधी डी भरून काढू, मग जुलैत घेऊ.’ मी लॅबमध्ये आहे म्हणून तुम्ही माझं ऐकलंत. जुलै आला, चिनूच्या शाळेचं काहीतरी निघालं, आमच्याकडे डेंग्यूच्या सॅम्पलची रीघ लागली, आणि नेरूळहून ठाणं एका लोकलवर असून मी तीन रविवार आले नाही. चौथ्या आठवड्यात दादाचा फोन आला तो तुम्हाला ऑक्सिजन लावल्यावरच. फ्लूचा न्युमोनिया झाला होता. त्या नऊ दिवसांबद्दल तुम्ही कधी मला एक शब्द बोलला नाहीत. आईसुद्धा नाही.

लस घेतली असती तर ते नक्की टळलं असतं, असं म्हणता येत नाही. कमी झालं असतं, अशी शक्यता मोठी होती. ती संधी मी माझ्या अर्धवट माहितीवर घालवली. म्हणून या वर्षभरात जमेल तसं मुळातलं वाचत गेले, आणि जे कळलं ते तुम्हाला सांगणं माझ्यावर लागतं.

डीचा आणि सर्दी-फ्लूचा संबंध कोणी हवेत काढलेला नाही. आपल्या पेशी जंतूंशी लढायला जी द्रव्यं बनवतात, त्यातली काही बनवण्यासाठी डी लागतं. ज्यांचं डी कमी, ते श्वसनाच्या आजारांनी जास्त आजारी पडतात, हेही पुष्कळदा दिसलंय. पण जो माणूस थकलेला आहे, घराबाहेर पडत नाही, त्याचं डी कमी असणारच, आणि आजारीही तोच पडणार. कशामुळे काय झालं, हे नुसता रिपोर्ट बघून कळत नाही. त्यासाठी अर्ध्या लोकांना डी आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी देऊन बघावं लागतं. 2017 मध्ये अशा 25 प्रयोगांतल्या जवळजवळ 11,000 माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा थोडा फायदा दिसला होता. तोही मुख्यतः ज्यांचं डी अगदी तळाला गेलं होतं आणि ज्यांना रोज किंवा आठवड्याला बेताचा डोस दिला होता, त्यांच्यात. एकदम मोठा डोस दिलेल्यांत नाही. मी 2020 मध्ये तुम्हाला जे मेसेज पाठवत होते ना, ते सगळे यातूनच निघालेले होते.

पुढे चित्र बदलत गेलं. ब्रिटनमध्ये कोविडच्या दुसऱ्या हिवाळ्यात 6,200 लोकांवर प्रयोग झाला. रक्त तपासून ज्यांचं डी कमी निघालं त्यांना सहा महिने रोज गोळ्या दिल्या. कोविडही कमी झाला नाही आणि सर्दी-खोकलाही नाही. 2025 मध्ये 60,000 हून जास्त माणसांची नवी बेरीज झाली, तेव्हा 2017 चा तो थोडा फायदाही इतका आक्रसला की तो आहे असं छातीठोक म्हणता येईना. आणि बाबा, ऑस्ट्रेलियात तर तुमचीच पुडी होती. साठीपासून चौऱ्याऐंशीपर्यंतचे 21,000 लोक, महिन्याला 60,000 युनिट, पाच वर्षं. श्वसनाचे आजार कमी झाले नाहीत. झाले तेव्हा किंचित लवकर आवरले, इतकंच. ते महिन्याला एक घेत होते आणि तुम्ही आठवड्याला.

लशीचं मला सर्वांत जास्त लागलं. डी कमी असलेल्यांत फ्लूच्या लशीतल्या काही प्रकारांविरुद्ध प्रतिकार थोडा कमी तयार होतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. मी तेवढंच वाचलं होतं. आधी डी भरलं तर लस जास्त लागू पडते का, हे मी शोधलंच नव्हतं. फ्रान्समध्ये ते करून बघितलंय. डी कमी असलेली वयस्कर माणसं, लशीआधी तीन महिने डीचे मोठे डोस. प्रयोग लहानच होता, पण रक्तातलं डी छान वाढलं आणि लशीनंतरची अँटीबॉडी मात्र डी न घेतलेल्यांपेक्षा वाढली नाही. ब्रिटनच्या त्या प्रयोगातल्या लोकांनी कोविडची लस घेतली, तिथेही डी घेतल्याने काही फरक पडला नाही. म्हणजे मी तुम्हाला ज्या गोष्टीसाठी थांबवलं, त्या थांबण्याला आधारच नव्हता.

डी हाडांसाठी, स्नायूंसाठी लागतंच. 11 वर होतं तेव्हा त्या आठ पुड्या हव्याच होत्या, त्यात तुमचं काही चुकलं नाही. ते चरबीत साठून राहतं, त्यामुळे आज बंद केलं तरी कित्येक आठवडे हळूहळूच उतरेल. ‘आता कमी पडेल’ ही काळजी मनात आणू नका. पुढे लागेल तेव्हा रोजची लहान गोळी डॉक्टर देणार आहेत. आईचं 17 आहे. तिची रोजची 1000 ची गोळी आजपासून सुरू. आई, ती जेवणाबरोबर घ्यायची. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नको, थोडं तूप-दूध असलं की ती नीट अंगी लागते.

बाबा, तुम्ही सकाळी सहाला सूर्याला अर्घ्य देता ते चालूच ठेवा. ते पाणी देतानाची तुमची पाठ बघत मी शाळेची वेणी घालून घ्यायचे. पण कोवळ्या उन्हात डी मिळतं असं जे आपण धरून चाललोय, ते तसं नाही. डी बनवणारे किरण सूर्य वर आल्यावरच खाली पोचतात. आपली सावली आपल्यापेक्षा लहान झाली की तो वेळ समजायचा. आणि गॅलरीच्या बंद काचेमागे बसून तर काहीच होत नाही, काच ते किरण अडवते. आता समोरचा टॉवर झाल्यापासून आपल्या गॅलरीत ऊनच कुठे येतं म्हणा. पूर्वी आई तिथे पापड वाळवायची. मे महिन्यात मात्र भर उन्हात गच्चीवर अजिबात जायचं नाही, मी शपथ घालते. दिवाळीनंतर बघू. आई, शुक्रवारी बांगडा आणतेस तो आणत जा, त्यात डी असतं. श्रावणात सोड.

आता शनिवारचं. वेळ घेऊन ठेवली आहे. डॉक्टरांचा दवाखाना, सकाळी दहा. दोघांनाही फ्लूची लस, आणि बाबांना दुसऱ्या दंडात न्युमोनियाची. दोन्ही एकाच दिवशी चालतात, मी दोनदा विचारून घेतलं. रिपोर्टचा आणि लशीचा काही संबंध नाही, हेही विचारलं. अंगात प्रतिकार तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, आणि आपल्याकडे फ्लू पावसात वाढतो, म्हणून मेमध्येच. मागच्या वर्षी होऊन गेला म्हणून यंदा नको, असं नाही. विषाणू बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी लस तशीही कमीच लागते. लागते कमी, खरं आहे. पण शहात्तराव्या वर्षी न्युमोनिया झेपतोही कमीच, ते आपण बघितलंय.

मी शुक्रवारी रात्रीच येते, सोमवारी सकाळी तिथूनच लॅबला जाईन. आई, तू काही करायचं नाहीस. रात्रीची पोळी-भाजी इकडून आणते, शनिवारी सकाळी मिसळ आणू, बाबांना कमी तिखट. चिनूची गादी हॉलमध्ये टाकू, माझी तुमच्या खोलीत खाली. नौपाड्यातल्या त्या गल्लीत सध्या खणून ठेवलंय, म्हणून रिक्षा थेट दारात उभी करते, तुम्हाला चालावं लागणार नाही. दवाखान्याच्या तीन पायऱ्या आहेत, काठी घ्यायची. हात दुखेल, कदाचित रात्री कणकण येईल, पॅरासिटामॉल आणून ठेवते. दंड चोळायचा नाही आणि शेकायचाही नाही.

बाबा, लहानपणी तुम्ही रोज दुधाबरोबर मला ती पिवळी पारदर्शक माशाच्या तेलाची गोळी द्यायचात. ‘मोती गिळ, सर्दी पळ’ म्हणायचात. मी ती आधी उजेडात धरून बघायचे. नॉर्वेत 34,000 लोकांना एक हिवाळाभर तेच तेल देऊन पाहिलं, कोविड आणि सर्दी काही कमी झाली नाही. ते वाचताना मला रडू आलं. तुम्हाला कोणी खोटं पाडलं म्हणून नाही. पगार सातला व्हायचा आणि ती बाटली पाच तारखेला संपायची, तरी एक दिवस मोती चुकला नाही, ते आठवलं म्हणून.

आणि शाळेत लस टोचायला यायचे तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुम्ही यायचात. ‘सुईकडे बघू नको, माझं बोट घट्ट धर,’ म्हणायचात. नंतर लिमलेटची गोळी.

तोपर्यंत रोज संध्याकाळी ऑक्सिमीटर लावून आकडा मला पाठवायचा. 94 च्या खाली गेला तर माझ्या फोनची वाट बघायची नाही, दादाला उठवायचं. पाणी मोजून प्या, तांब्यावर खूण करून ठेवली आहे, बघा. पुड्यांवरून आईला बोलू नका. माझ्यावर रागवायचं असेल तर शुक्रवारी समोर रागवा, मी ऐकून घेईन.

शनिवारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला. तो निळा, दिवाळीतला, इस्त्री करून दाराच्या मागे लावला आहे.

तुमची,
मनू