विषय: हवाशुद्धी यंत्रात बसवलेला चुकीचा दिवा आणि तुमच्या ग्राहक सेवेची उत्तरे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला, म्हणून आता लेखी.

यंत्रातल्या जाळीवर टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण आहेत आणि ते अंधारात काही करत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायचं? त्यांना सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो पडला तर हवेतल्या ओलाव्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) तयार होऊन जिवाणू मरतात. म्हणूनच मूळ दिवा ३६५चा, यूव्ही-ए (म्हणजे अतिनील) होता. तो गेला. वॉरंटीत तुमच्या माणसाने बसवला तो साधा निळा एलईडी! पट्टीवर ४६० नॅनोमीटर छापलंय, फोटो जोडला आहे. गणपतीच्या मखराला छान शोभेल.

माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. शंका आली म्हणून पेशंट बसतात त्या खोलीत अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटा तासभर उघड्या ठेवल्या, यंत्र चालू असताना आणि बंद असतानाही, मग ३७ अंशांवर इन्क्युबेट केल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या पिवळसर कॉलनीज दोन्हीकडे जवळपास सारख्याच.

हे ऐकून तुमचे 'सीनियर टेक्निकल एक्झिक्युटिव्ह' म्हणाले, "मॅडम, बॅक्टेरिया डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही मोजले कसे?" मी समजावलं की प्लेटवर ते वाढतात, कॉलनी होते, ती दिसते. त्यावर, "म्हणजे तुम्हीच वाढवले ना? मग कंपनी काय करणार?" आणि फोन म्यूट न करता शेजारच्याला हसत, "ह्या घरी बॅक्टेरिया पाळतात." वर मलाच विचारलं, "निळी लाइट लागतेय ना? मग मशीन ओके आहे." तक्रार बंद. मिनिटभरात मेसेज: सेवेला पाच स्टार द्या. देते हं.

माहितीपत्रकात फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांच्या १९७२च्या, टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशात पाण्याचं विघटन घडवतं या शोधाचं अर्धं पान कौतुक आहे. त्यांची नावं छापायला पैसे पडत नाहीत, यूव्ही-ए दिव्याला पडतात, एवढंच ना? तुमचं नाव ऐकून मी दोन डॉक्टरांनाही हे यंत्र सुचवलं होतं. आता त्यांना काय तोंड दाखवू?

पंधरा दिवसांत ३६५ नॅनोमीटरचा दिवा तरंगलांबीच्या लेखी हमीसह बसवा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जाईन: सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात. आणि पुन्हा सांगते, निळा दिसतो म्हणून तो यूव्ही-ए होत नाही.

प्लेटा फ्रीजमध्ये ठेवल्या आहेत. एक्झिक्युटिव्हना पाठवा, स्वतः मोजू देत.

एक ग्राहक
(बिल, दिव्याचा आणि प्लेटांचे फोटो सोबत)