अंबडच्या काकांना, ११५ मिलिमीटरबद्दल

काका, नमस्कार.

काडतुसं पुन्हा भरायचा हातप्रेस बेंचवर चढला, पहिल्या वीस पुंगळ्या (काडतुसांची झाडलेली, रिकामी पितळी कवचं) एकसारख्या निघाल्या, आणि मगच हे लिहायला बसलो. आधी आभार मानले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, "जॉब पास होऊ द्या की आधी."

वाचणाऱ्यांचा गैरसमज नको. काडतुसं पुन्हा भरण्याचा हा उद्योग न्यूझीलंडमधला आहे. तिथे शस्त्रपरवाना असलेल्याला स्वतःच्या वापरापुरतं हे करता येतं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. नाशिकच्या अंबडला, काकांच्या लेथवर, झालं ते फक्त मापाचं आणि लोखंडाचं बोलणं.

तिथल्या एका दुकानदाराने .३३८ लापुआ मॅग्नम या रायफलच्या लांब, दांडग्या काडतुसासाठी ॲल्युमिनियमचा, समोरून उघडा, सी आकाराचा प्रेस गळ्यात मारला होता. म्हणे, यावर सगळं होतं. पुंगळ्यांचे खांदे (जिथे ती गळ्याकडे निमुळती होते तो उतार) मागेपुढे यायला लागले तेव्हा तोच म्हणाला, वंगण कमी पडतंय. दुसरा जाणकार म्हणाला, हाताला जोर नाही. प्रेसकडे एकानेही वाकून पाहिलं नाही. तुम्ही रायफलचं काडतूस कधी हातात धरलेलं नाही, आणि फोटो बघताक्षणी म्हणालात, "अहो, याचं तोंड उघडतंय."

उघडणारच. पॉवर प्रेसवाल्याला हे शिकवावं लागत नाही. सी फ्रेमवर टनेज चढलं की जबडा फाकतो, म्हणून तर पुढून टाय रॉड घालतात. इथेही तेच. झाडलेली पुंगळी फुगलेली असते. ती डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, कोंबून मापावर आणताना रॅम (खालचा दट्ट्या) खालून रेटतो आणि डाय धरणारा वरचा भाग उचलला जातो. खांदा मागे ढकलायचा असतो जेमतेम ५० मायक्रॉन. त्यातले तीस-चाळीस फ्रेमच खाऊ लागली, तेही एका पुंगळीला वंगण जास्त, एकीला कमी म्हणून दर वेळी वेगळे, तर सेटिंग टिकणार कशी? खांदा कमी दाबला तर रायफलचा बोल्ट बंद होताना अडतो. जास्त दाबला तर पुंगळी दर फायरला ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर चिरते.

तुमची डायल गेजची युक्ती तिथल्या दुकानात करून दाखवली तेव्हा माणसं जमली. मॅग्नेट बेस बेंचवर ठेवायचा नाही, प्रेसच्या पायावरच ठेवायचा, आणि डायलचं टोक डायशेजारी वरच्या जबड्याला टेकवायचं. मग वंगण लावलेली एक पुंगळी दाबायची आणि काटा बघायचा. ॲल्युमिनियमच्या प्रेसवर तर मॅग्नेटच चिकटला नाही. अर्धं उत्तर तिथेच मिळालं. बीडाच्या बंद ओ फ्रेमवर काटा हलला, पण प्रत्येक पुंगळीला तेवढाच. तेवढाच हलणं चालतं, ते डाय फिरवून भरून काढता येतं.

पण हे पत्र खरं तर त्या तुकड्यासाठी आहे.

भरलेल्या काडतुसाची लांबी ९३.५ मि.मी., प्रेसच्या फ्रेममध्ये तेवढी मोकळी खिडकी असली की झालं, असं सगळेच सांगत होते. तुम्ही कागदावर पेन्सिलीने रेघ मारलीत आणि विचारलंत, "ही गोळी बसल्यावरची उंची. बसायच्या आधीची किती?" पुंगळी ६९.२, तिच्या तोंडावर उभी ठेवलेली ३०० ग्रेन वजनाची गोळी ४३च्या आसपास. झाले ११२. टोक तिरपं करून डायमध्ये घुसवता येतं, पण मग गोळी वाकडी बसते आणि बोट सापडतं ते वेगळंच. तेवढं बोलून तुम्ही लेथकडे वळलात. १५चा बार, ११५वर कापलेला, ९३.५वर एक बारीक खाच. काडतुसाचा आकार मुद्दाम दिला नाहीत: "विमानतळावर अडकवतील." नंबर पंचने माप ठोकलंत. दोन्ही कडा चॅम्फर केल्यात, वर पॉलिश पेपर फिरवलात, आणि स्वतःच्या अंगठ्याने कड चाचपून मग हातात दिलात. ज्या वस्तूला कोणी बिल मागणार नव्हतं तिचीही कड हाताला लागू नये, एवढं कोण बघतं? पैसे विचारले तर म्हणालात, "बारच्या तुकड्याचे कसले पैसे?"

त्या तुकड्याने दुकानातले दोन प्रेस बाद केले. डाय बसवलेली असताना तो शेलहोल्डरवर (रॅमच्या डोक्यावर पुंगळीचं बूड धरणाऱ्या चकतीवर) उभा राहीना. सातपूर-अंबडला अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत, स्वतःचा जॉब थांबवून दुसऱ्याचं माप बघणारी. त्यांचा बोर्ड नसतो, एवढंच.

बाकीचं थोडक्यात. डायचे आटे नेहमीचेच निघाले, सात अष्टमांश इंच, इंचाला १४. ली क्लासिक कास्ट या प्रेसमधली बुशिंग काढली की सव्वा इंच, १२ आट्यांची डायही बसते. .५० बीएमजी या त्याहून मोठ्या काडतुसाची दीड इंची डाय मात्र वेगळाच प्रेस मागते, तो नाद केलेला नाही. बेंचखाली तुम्ही सांगितलेली ६ मि.मी.ची पट्टी टाकून बोल्ट आरपार घेतले. लाकडी स्क्रूवर ठेवला असता तर हँडलबरोबर फळीच उचलली असती. एक पुंगळी डायमध्ये अडकली आणि तिची रिम (बुडाची कड) फाटली. ती चूक प्रेसची नव्हती, वंगण लावायचं राहिलं होतं. पुढच्या वेळी भीतीने जास्त चोपडलं तर खांद्यावर पोचा आला.

दिवाळीला नाशिकला येतोय. तुकडा बरोबर आणतो. शेलहोल्डरवर टेकतो तिथे थोडी चमक आली आहे, तुमच्या मायक्रोमीटरवर एकदा बघा ११५ भरतो का.